पाळी उशिरा येते, अंगावरून कमी जातं: चिनी वैद्यकाकडे पहिल्यांदा जाताना

सिंगापूर, शांघाय किंवा तैपेईला राहायला गेलेल्या मुलीची पाळी लांबू लागली की तिला दोन बाजूंनी सल्ले येतात. घरून आई फोनवर पपई, तीळ-गूळ आणि ओव्याचं पाणी सुचवते. ऑफिसातली चिनी मैत्रीण स्वतः घेत असलेल्या काळ्या गोळ्यांची डबी पुढे करते, नाहीतर आपल्या वैद्याचा पत्ता देते. इकडे भारतातही पीसीओडीचं (हार्मोन्सच्या गडबडीमुळे स्त्रीबीज वेळेवर न सुटण्याचा आजार, यालाच पीसीओएसही म्हणतात) निदान झालेल्या अनेकजणी अ‍ॅक्युपंक्चरची चौकशी करतात. चिनी वैद्यकाचा काहीच अनुभव नसलेल्या अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. जायला हरकत नाही. मात्र पाळी का लांबते आहे, हे तपासण्या करून कळलेलं असावं आणि त्या तपासण्यांचे कागद हातात घेऊन जावं. सुयांपेक्षा पोटात जाणाऱ्या औषधांबद्दल जास्त सावध राहावं. पुढचं सगळं याच क्रमाने येतं.

सुरुवात कॅलेंडरपासून

पाळीचं अंतर मोजायचं ते एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. नुसते डाग पडले तो दिवस पहिला धरायचा नाही, नीट रक्तस्राव सुरू झाला तो धरायचा. प्रौढ बाईत हे अंतर २४ ते ३८ दिवस असलं तर ते ठीक मानतात. ३८ च्या पुढे सतत जात असेल तर पाळी विरळ आहे असं म्हणायचं. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलीत पहिली काही वर्षं ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालून जातं, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन लगेच वैद्याकडे धावू नका.

चिनी वैद्यकाची मोजपट्टी थोडी वेगळी आहे. पाळी सात दिवसांहून जास्त लांबली आणि असं लागोपाठ दोन वेळा झालं, तर ते त्याला ‘युएचिंग हौछी’ म्हणतात. अंगावरून जेमतेम दोन दिवसांच्या आत जातं, किंवा एकूण रक्त २० मिलिलिटरपेक्षा कमी असतं, तेव्हा ‘युएचिंग क्वोशाव’. पॅडवरून मिलिलिटर कळत नाहीत. पण मासिक पाळीचा कप वापरत असाल आणि त्यावर खुणा असतील तर आकडा सहज मिळतो.

दोन-तीन पाळ्यांची नोंद ठेवा. तारखेबरोबर रक्ताचा रंग, गाठी पडतात का, पोट कधी दुखतं, शेकल्यावर बरं वाटतं का, छाती जड होते का, हेही लिहा. चिनी वैद्य यातला प्रत्येक प्रश्न विचारणार आहे आणि ‘आठवत नाही’ या उत्तरावर त्याचं अर्धं काम अडतं. चिकाटी असेल तर रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी तोंडातलं तापमान घेऊन लिहा. स्त्रीबीज सुटल्यानंतर ते साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर जातं आणि पाळीपर्यंत वर राहतं. नानचिंगचे ज्येष्ठ वैद्य श्या क्वेछंग यांनी तर महिन्याच्या या चढउताराला यिन-यांगच्या विचाराशी जोडून, प्रत्येक टप्प्याला वेगळं औषध देण्याची पद्धत बसवली. त्यांच्या परंपरेतला वैद्य तुमचा तक्ता पाहून खूश होईल.

मग लॅब आणि सोनोग्राफी

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका.

सगळ्यात आधी घरच्या घरी युरीन प्रेग्नन्सी टेस्ट. पाळी एरवीच वेडीवाकडी येणाऱ्या बाईला दिवस राहिल्याचं उशिरा कळतं, आणि पाळी ‘आणणारी’ बरीचशी चिनी औषधं गरोदरपणात वर्ज्य आहेत.

त्यानंतर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. नियमित येणारी पाळी तीन महिने आलीच नाही, किंवा मुळात अनियमित असलेली सहा महिने आली नाही, तर वाट पाहत बसायचं नाही. सहसा हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, दुधाशी संबंधित हार्मोन प्रोलॅक्टिन, बीजांडांचं काम चालवणारी एफएसएच आणि एलएच ही हार्मोन्स, टेस्टोस्टेरॉन, साखर आणि सोनोग्राफी सांगतात. विरळ पाळीमागे सर्वाधिक सापडतो तो पीसीओएस. पण थायरॉइड, वाढलेलं प्रोलॅक्टिन, झपाट्याने घटलेलं वजन, मॅरेथॉनचा सराव, परीक्षेचा ताण, चाळिशीच्या आतच थकलेली बीजांडं, अंगावर पाजणं, ऋतुनिवृत्ती जवळ येणं, ही सगळी कारणं बाहेरून सारखीच दिसतात.

अंगावरून कमी जाण्याची कारणं आणखी वेगळी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा हार्मोन सोडणारी तांबी बसवली असेल तर रक्त कमी होणं अपेक्षितच आहे, त्यावर कुठलाच उपाय करायला नको. पिशवी साफ केल्यानंतर पाळी अचानक कमी झाली असेल तर आत चिकटलेलं असू शकतं. बाळंतपणात खूप रक्त गेलं आणि त्यानंतर दूधही आलं नाही, पाळीही परतली नाही, तर पिट्यूटरी ग्रंथी तपासावी लागते. आणि आपल्या देशातल्या बायकांसाठी एक कारण ठळकपणे सांगायलाच हवं, ते म्हणजे गर्भपिशवीचा क्षयरोग. ना खोकला, ना ताप. नुसती पाळी कमी कमी होत जाते आणि मूल राहत नाही. हा आजार क्षयरोगाच्या औषधांनीच बरा होतो. त्याऐवजी वर्षभर काढे घेतले तर गर्भनलिका कायमच्या बंद होण्याइतका वेळ निघून जातो.

पाळी न येण्याचे परिणामही कारणाप्रमाणे बदलतात. पीसीओएसमध्ये गर्भपिशवीचं अस्तर साचत राहतं, म्हणून डॉक्टर साधारण तीन महिन्यांतून एकदा तरी रक्तस्राव व्हावा असं पाहतात. कमी खाणं आणि अति व्यायामामुळे पाळी गेली असेल तर इस्ट्रोजेन कमी पडतं आणि हाडं झिजतात. तिथे खरं औषध म्हणजे पुरेसं जेवण आणि विश्रांती.

चिनी वैद्य याकडे कसं पाहतो

‘ह्वांगदी नेइचिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात स्त्रीचं आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मांडलंय. सातव्या वर्षी दात बदलतात. चौदाव्या वर्षी ‘थ्येनक्वे’, म्हणजे पाळी आणि प्रजननाला चालना देणारा घटक, येतो, ‘रन’ नावाची वाहिनी मोकळी होते, ‘छोंग’ ही वाहिनी भरते आणि पाळी सुरू होते. एकोणपन्नासाव्या वर्षी हे आटतं. या मांडणीत पाळीचा पाया मूत्रपिंडाच्या शक्तीत आहे. त्यांचं ‘मूत्रपिंड’ म्हणजे सोनोग्राफीत दिसणारी किडनी नव्हे. वाढ, प्रजनन आणि वार्धक्य ज्या साठ्यावर चालतं त्याचं ते नाव. ‘तुमची किडनी अशक्त आहे’ असं ऐकल्यावर घाबरून क्रिएटिनिन तपासायला पळू नका.

त्यामुळे पाळी उशिरा येणाऱ्या पाच जणींना पाच वेगळी औषधं मिळू शकतात. पाळी मुळातच उशिरा सुरू झाली, रक्त पातळ आणि फिकट, कंबर दुखते, कानात आवाज येतो, तर मूत्रपिंडाची दुर्बलता. चेहरा पांढुरका, चक्कर, छातीत धडधड, तर रक्ताची कमतरता. ओटीपोटात गार वाटून दुखतं आणि शेकलं की आराम पडतो, तर रक्तात थंडी शिरली आहे. पाळीआधी छाती ताठते, चिडचिड होते, सारखे उसासे येतात, तर ‘ची’, म्हणजे शरीरात वाहणारी शक्ती, अडकली आहे. गडद, गाठींचं रक्त आणि गाठ पडून गेल्यावर थांबणारं दुखणं म्हणजे साकळलेलं रक्त. वजन वाढलेलं, अंग जड, जिभेवर चिकट थर, तर कफ आणि ओलावा. पीसीओएस असलेल्या बऱ्याचजणींना हेच निदान ऐकायला मिळतं. अनेकदा यातली दोन-दोन एकत्र असतात.

उष्ण-थंड पदार्थांच्या हिशेबात वाढलेल्या मराठी बाईला हे सगळं ओळखीचं वाटतं. तरीही स्वतःच स्वतःचा प्रकार ठरवून दुकानातून औषध आणू नका. थंडी समजून उष्ण औषध घेतलं आणि प्रकार दुसराच निघाला, तर त्यांच्याच शास्त्राप्रमाणे ते चुकीचं औषध ठरतं.

पहिल्या भेटीचा दिवस

चीनमध्ये सरकारी चिनी-वैद्यक रुग्णालयं आहेत आणि त्यांत स्त्रीरोगांचा वेगळा विभाग, ‘फूख’, असतो. आधी ‘क्वाहाव’, म्हणजे नंबर लावणं. हे बहुतेक ठिकाणी मोबाइलवरून होतं, सोबत पासपोर्ट ठेवा. याच रुग्णालयांत रक्ततपासणी आणि सोनोग्राफीही होते, त्यामुळे कारण शोधणं आणि उपचार एकाच छताखाली जमतं. परक्या देशातल्या बाईसाठी मला हीच सोय सगळ्यात मोलाची वाटते. सिंगापूरमध्ये २००० सालच्या कायद्याने चिनी वैद्यांची नोंदणी सक्तीची केली आहे. वैद्याचं नाव नोंदणी करणाऱ्या मंडळाच्या यादीत आहे का ते आधी पाहा.

त्या सकाळी जीभ घासू नका. कॉफी, हळदीचं दूध, विडा, रंगीत गोळ्या टाळा, कारण जिभेच्या थराचा रंग हा निदानाचा मोठा भाग आहे. गडद मेकअप नको. अगदी उपाशी जाऊ नका.

वैद्य पाहतो, ऐकतो आणि वास घेतो, प्रश्न विचारतो, मग नाडी धरतो. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून हलका आणि खोल दाब देत तो नाडी वाचतो. इकडे आयुर्वेदाच्या वैद्याकडे नाडी दाखवली असेल तरी दोन्ही पद्धतींचे अर्थ सारखे धरू नका. झोप, शौच, तहान, हातपाय गार पडतात का, असले प्रश्न पाळीशी संबंध नसल्यासारखे वाटले तरी नीट उत्तरं द्या. चालू असलेलं प्रत्येक औषध सांगा; मेटफॉर्मिन, थायरॉइडची गोळी, आयुर्वेदिक काढा, सगळं. मूल हवं आहे की नको, हेही पहिल्याच भेटीत सांगा, कारण त्यावर औषध बदलतं.

आणि शाकाहारी असाल तर ‘वो छ्र सू’ एवढं वाक्य पाठ करून जा. मी शाकाहारी आहे, असा त्याचा अर्थ. पाळीच्या चिनी औषधांत प्राणिज घटक भरपूर असतात. ‘अज्याव’ म्हणजे गाढवाच्या कातड्यापासून केलेला सरस. ‘लूच्याव च्याव’ हरणाच्या शिंगाचा. आणि मैत्रिणीच्या डबीतल्या त्या काळ्या गोळ्या, ‘वूची पायफंग वान’, काळ्या हाडांच्या कोंबडीपासून होतात. सांगितलं तर वैद्य वनस्पतींचा पर्याय शोधतो.

काढे आणि गोळ्या

या तक्रारीवरचं सर्वात परिचित औषध म्हणजे ‘सीवू थांग’, चार वस्तूंचा काढा. वाफवून काळं केलेलं रेहमानियाचं मूळ, पांढऱ्या पिओनीचं मूळ, दांगक्वे आणि छ्वानश्योंग. शेवटची दोन आपल्या ओव्या-कोथिंबिरीच्याच कुळातली आहेत. सोंग राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहात हा काढा आला आणि तेव्हापासून रक्त भरून काढण्याच्या औषधांचा तो पाया राहिला. साकळलेलं रक्त असेल तर त्यातच पीचच्या बिया आणि करडईची फुलं घालतात. थंडी आणि दुर्बलता एकत्र असेल तर ‘वनचिंग थांग’ देतात. हान काळातल्या चांग चोंगचिंग या वैद्याच्या ग्रंथातला हा काढा आजही लिहून दिला जातो (यात अज्याव असतो). कफाच्या प्रकाराला ‘त्सांगफू दाओथान’.

ही नावं सांगितली ती चिठ्ठी वाचता यावी म्हणून. यांची ऑनलाइन खरेदी करू नका.

सुक्या मुळ्यांच्या पुड्या मिळाल्या तर अर्धा तास पाण्यात भिजवून मातीच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात उकळायच्या. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम नको. दोनदा उकळून दोन्ही पाणी एकत्र करायचं आणि सकाळ-संध्याकाळ वाटून घ्यायचं. बहुतेक रुग्णालयं काढा करून पिशव्यांत भरूनही देतात, नाहीतर गरम पाण्यात विरघळणारी भुकटी मिळते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी भुकटी घ्यावी, मात्रा चुकत नाही. पाळी सुरू झाल्यावर औषध चालू ठेवायचं की थांबवायचं, हे विचारून घ्या. लैंगिक संबंध असतील तर औषधाचा नवा हप्ता सुरू करण्याआधी दर वेळी प्रेग्नन्सी टेस्ट करा.

आता सावधगिरीबद्दल, आणि इथे मला थांबून बोलायचंय. १९९० च्या दशकात ब्रुसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या तरुण बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. ‘फांगची’ या वनस्पतीच्या जागी तिच्यासारख्याच नावाची दुसरी गेली होती आणि तिच्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल होतं. ते मूत्रपिंड खातं आणि कर्करोगही करतं. पाळीच्या औषधांशी याचा थेट संबंध आहे, कारण थंडीच्या प्रकारावर दिल्या जाणाऱ्या ‘दांगक्वे सीनी थांग’मध्ये ‘मूथोंग’ लागतो आणि त्याच्या जागी कित्येक वर्षं ‘क्वानमूथोंग’ ही ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली वेल वापरली जायची. चीनने २००३ मध्ये तिची मान्यता काढून घेतली. म्हणूनच नोंदणीकृत रुग्णालयाच्या औषधालयातली पुडी आणि कुणीतरी व्हॉट्सॲपवर विकलेली डबी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘हशौवू’ या मुळाने यकृताला इजा झाल्याच्या अनेक नोंदी आहेत. केसांसाठी आणि रक्तासाठी म्हणून ते सर्रास घेतलं जातं. दांगक्वे हे वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतलं तर रक्त जास्त पातळ होतं. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. महिन्याहून जास्त काढे घेणार असाल तर आधी आणि मधे एकदा यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून घ्या.

सुया आणि मोक्सा

सुई केसासारखी बारीक असते. पाळीसाठी सहसा बेंबीखालचा ‘क्वानयुआन’, घोट्याच्या आतल्या बाजूने चार बोटं वरचा ‘सान्यिनच्याव’, गुडघ्याखालचा ‘त्सूसान्ली’ हे बिंदू घेतात. सुई शिरल्यावर ठणक, जडपणा किंवा मुंग्या जाणवतात; वैद्य नेमकं तेच विचारतो. वीस ते तीस मिनिटं पडून राहायचं. कधी सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडतात. थंडीचा प्रकार असेल तर नागदवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीची वाळवलेली पानं जाळून बिंदूंना शेक देतात, तो मोक्सा. पोटावर सुया असतील तर आधी लघवीला जाऊन या. निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं गेलं पाहिजे. दिवस राहिल्याची शंका असेल तर सुई लावण्याआधी सांगा, सान्यिनच्याव गरोदरपणात परंपरेने टाळतात.

फरक पडतो का?

स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा २०११ चा एक अभ्यास इथे कामाचा आहे. पीसीओएस असलेल्या ८४ बायकांचे तीन गट केले: विजेच्या सुया, व्यायाम आणि काहीच नाही. सोळा आठवड्यांच्या उपचारांत सुयांच्या गटाची पाळी महिन्याला सरासरी ०.२८ वरून ०.६९ वर आली, म्हणजे जवळपास साडेतीन महिन्यांनी येणारी पाळी दीड महिन्यावर. मात्र यात खोट्या सुयांचा गट नव्हता, त्यामुळे किती श्रेय सुयांचं आणि किती नियमित काळजीचं, ते सुटं करता येत नाही.

२०१७ साली चीनमधल्या २७ रुग्णालयांतल्या पीसीओएस असलेल्या १,००० बायकांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मूल होण्यावर सुयांचा परिणाम दिसला नाही. क्लोमिफेन ही स्त्रीबीज सुटायला मदत करणारी गोळी घेतलेल्यांत २८.७ टक्के आणि न घेतलेल्यांत १५.४ टक्के बायकांना मूल झालं. सुया खऱ्या होत्या की नावापुरत्या, याने फरक पडला नाही. म्हणून मूल हवं असेल आणि वय पुढे सरकत असेल तर सुयांसाठी गोळ्या लांबणीवर टाकू नका. काढ्यांबद्दलचा पुरावा आणखी विरळ आहे.

भारतात असाल तर

अ‍ॅक्युपंक्चरशी आपलं नातं जुनं आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजोयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली. केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, आणि महाराष्ट्रात तर २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. दवाखान्यात गेल्यावर राज्याच्या परिषदेचं नोंदणीपत्र पाहायला मागा. भारतात राहणाऱ्यांनी सुयांपुरतंच थांबावं असं मला वाटतं. चिनी काढे नीट तपासून देणारी यंत्रणा इथे सहज हाताशी नाही.

किती दिवस, आणि थांबायचं कधी

तीन पाळ्यांची मुदत ठरवा आणि ती वैद्यालाही पहिल्या दिवशी सांगा. विरळ पाळी असलेल्यांनी चार महिने धरावेत. त्या काळात अंतर कमी झालं का, तापमान वर चढू लागलं का, हे नोंदींवरून पाहा. ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर पुढची पैशांची पिशवी सोडू नका. थायरॉइडची किंवा डॉक्टरांनी दिलेली इतर कुठलीही गोळी वैद्याच्या सांगण्यावरून बंद करायची नाही.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, पायावर सूज आली, तर काढा त्याच दिवशी बंद करा आणि औषधाची पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखू लागलं, किंवा तासाला एक पॅड भिजेल इतकं अंगावरून जाऊ लागलं, तर वैद्याला फोन करत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.